ड्रॅगच्या धाटणीची गाडी: जुना थाट की नवा, हे गावात राहून कसं ठरवायचं

तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, ज्यानं उभं राहून पाहिला आहे, त्याला ड्रॅग रेस वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सरळ पट्टी, वळण नाही, सुटतानाचा दम निकाल लावतो आणि हिशोब सेकंदाच्या तुकड्यांत होतो. अमेरिकेत ही पट्टी परंपरेनं पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. जोडीच्या जागी इंजिन आणि धुरकऱ्याच्या जागी ड्रायव्हर.

शर्यतीची गाडी कशी बांधायची ते इथं सापडणार नाही. घरच्या अंगणात किंवा ओळखीच्या मिस्त्र्याच्या शेडमध्ये, ड्रॅगच्या गाडीसारखी दिसणारी पण पेट्रोलपंपापर्यंत, तालुक्याला आणि मित्राच्या वरातीत जाऊ शकणारी गाडी ज्याला घडवायची आहे, त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. अशा माणसाचा पहिला पेच धाटणीचा असतो. साठच्या दशकातली नाक वर केलेली गाडी करायची, की आजची, पुढून जमिनीला टेकलेली आणि मागे फुगीर टायर असलेली?

बहुतेक जण मोबाइलवरचा फोटो पाहून ठरवतात. माझं मत, फोटो सगळ्यात शेवटी पाहावा. आधी गाडीचे कागद, मग इंजिनची ओढ कोणत्या चाकांना आहे ते, मग घरासमोरचा रस्ता. या तिघांनी उत्तर दिलं की गाडीला एक साल नेमून द्यायचं आणि वरून दिसणारी प्रत्येक वस्तू त्या सालात बसते का ते बघूनच लावायची.

हे दोन थाट आले कुठून

अमेरिकेत ड्रॅग रेसिंगची एनएचआरए ही संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिच्या वर्गवारीत पंपावरचं साधं पेट्रोल, तिकडच्या भाषेत 'गॅस', वापरणाऱ्या, रस्त्यावरच्या गाड्यांपासून बनवलेल्या गाड्यांचा एक वर्ग होता. त्या गाड्यांना 'गॅसर' म्हणू लागले. त्यांच्या दारावर ए/जी, बी/जी अशी अक्षरं रंगवलेली दिसतात. तो वर्ग गाडीचं वजन आणि इंजिनचं माप यांच्या भागाकारावरून ठरायचा.

गॅसरचं नाक वर असतं ते रुबाबासाठी नव्हे. त्या काळच्या टायरांना पकड कमी होती. गाडी सुटताना वजन मागे सरकतं, आणि गाडीचा गुरुत्वमध्य जितका उंच तितकं ते जास्त सरकतं. म्हणून पुढे सरळ एक्सल टाकून नाक उचलायचे. पुढची चाकं बारीक, कारण तिथे वजन नको. मागचे मडगार्ड कापून गोल केलेले, कारण मोठा टायर आत बसवायचा होता. पुढचा बंपर काढलेला, काचांच्या जागी हलकं प्लास्टिक आणि ग्रिलच्या पुढे पेट्रोलची छोटी गोल टाकी. या प्रत्येक गोष्टीमागे काम होतं. पुढे टायर सुधारले, वेग वाढला, वर उचललेल्या नाकाखाली वारा भरू लागला आणि गाड्या खाली बसल्या.

आजचा थाट त्याच्या उलट आहे. नाक खाली, पुढे १७ किंवा १८ इंची अरुंद रिम, मागे मात्र १५ इंची छोटी रिम आणि तिच्यावर उंच कडेचा जाड टायर. ही उंच कड सुटताना दबते, सुरकुतते आणि रस्ता धरते. मागे पॅराशूट लटकलेलं दिसतं. एनएचआरएच्या नियमानुसार ताशी १५० मैल, म्हणजे साधारण २४१ किलोमीटरला पोहोचणाऱ्या गाडीला ते सक्तीचं आहे. आपल्या गाडीला त्याचा उपयोग फक्त फोटोत.

या दोन टोकांच्या मधे आणखी दोन घरं आहेत, ती लोक विसरतात. १९७० मध्ये 'प्रो स्टॉक' हा वर्ग सुरू झाला: कंपनीच्या गाडीसारखीच दिसणारी, पण बोनेटवर उंच हवेचा डबा असलेली गाडी. आणि ऐंशीच्या दशकात 'प्रो स्ट्रीट' आलं: रस्त्यावरचीच गाडी, पण मागे आतून पत्रा कापून घुसवलेले प्रचंड टायर. आपल्याकडच्या एका गाडीला या मधल्या घरांतलंच घर शोभतं. तिच्याकडे पुढे येतो.

पहिली पायरी: कागद

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, रंग बदलायचा तर आरसीवर नोंद.

म्हणून मोनोकॉक गाडीचा पत्रा कापणं, सरळ एक्सल घालणं, मडगार्ड गोल कापणं ही कामं रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर मी सुचवत नाही. ॲम्बेसेडर आणि पद्मिनी दोन्हींना वेगळी चेसिस नाही, बॉडीच सांगाडा आहे. तिथे गॅस कटर लावला तर कायद्याआधी गाडीच वाकते. बोल्टनं लागेल आणि बोल्ट काढून पूर्ववत होईल, तेवढंच करायचं. शंका असेल तिथे आपल्या आरटीओत लेखी विचारून घ्या. तोंडी 'चालते भाऊ' रस्त्यावर कामाला येत नाही.

आणखी एक फाटा इथेच फुटतो. गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेली असतील आणि ती मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. पाटीवर 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांनीच बाहेर काढायची. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला असेल तर हा मार्ग बंद होतो. आजोबांची धड ॲम्बेसेडर गोठ्यामागे झाकून ठेवलेली असेल तर तिला ड्रॅगचा कोणताच थाट देऊ नका. अर्धी सडलेली, डेंटिंगला आलेली दुसरी शोधा. तशा पुष्कळ आहेत.

शर्यतीची हौस असेल तर ती रस्त्यावर भागवू नका. कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा सापडलात तर एक वर्ष आणि १०,००० पर्यंत. समृद्धी महामार्ग सरळ आहे म्हणून तो पट होत नाही. लोणावळ्याकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅगच्या स्पर्धा झाल्या आहेत. त्या वाटेला जायचं तर एफएमएससीआय या देशातल्या मोटर स्पोर्टच्या संघटनेचा परवाना आणि तपासणी आलीच.

दुसरी पायरी: ओढ कोणत्या चाकांना

हा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच हास्यास्पद होतात. गॅसरचं अख्खं रूप 'मागची चाकं ढकलतात' या एका गोष्टीवर उभं आहे. मारुती ८००, झेन, एस्टीम, जुनी होंडा सिटी या गाड्यांची ओढ पुढच्या चाकांना आहे. त्यांचं नाक उचललं तर ओढणाऱ्या चाकांवरचंच वजन कमी होतं. मागे जाड टायर लावला तर तो नुसता फिरत राहतो. जाणत्या माणसाला ते लगेच खटकतं.

पुढच्या ओढीच्या गाड्यांचा स्वतःचा ड्रॅगचा इतिहास आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात होंडा सिव्हिकसारख्या छोट्या गाड्या ड्रॅगच्या पट्टीवर उतरल्या. त्यांचे जाड टायर पुढे आणि बारीक चाकं मागे. तुमच्याकडे ८०० किंवा झेन असेल तर उत्तर इथेच मिळालं: नवा थाट, आणि तोही या पद्धतीचा. नाक किंचित खाली, मागे बारीक रिम, आत एकच बकेट सीट आणि स्वच्छ रिकामी डिकी. स्वस्तात होतं आणि खरं दिसतं.

मागच्या ओढीच्या गाड्यांत ॲम्बेसेडर जुन्या थाटासाठी पहिल्या नंबरवर. ती मुळात ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज तीन. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये बीएमसी या एकाच कंपनीत आल्या, आणि आपल्या ॲम्बेसेडरचं जुनं १,४८९ सीसी इंजिन त्याच घराण्यातलं. अमेरिकेतल्या गॅसरवाल्यांनी ऑस्टिन ए४० आणि फोर्ड अँग्लिया या छोट्या ब्रिटिश गाड्या भरपूर वापरल्या, कारण त्या हलक्या होत्या. तेव्हा ॲम्बेसेडर गॅसर म्हणजे ओढूनताणून आणलेली कल्पना नाही. पद्मिनीचंही नातं लागतं: फियाटच्या छोट्या टोपोलिनोची बॉडी त्या काळच्या ड्रॅग गाड्यांवर दिसायची, आणि आपली पद्मिनी म्हणजे फियाट ११००च. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिचे भाग यापुढे दुर्मीळच होत जाणार, म्हणून पद्मिनी हाती घ्यायची तर काचा, दिवे, क्रोमच्या पट्ट्या आधी गोळा करा, मग गाडीला हात लावा.

काँटेसा वेगळी. ती व्हॉक्सहॉलच्या गाडीवरून आली, १९८४ पासून २००२ पर्यंत बनली. लांब बोनेट, सपाट बगला. तिचं नाक उचललं तर ती बिचकलेली दिसते. तिला मधलं घर द्या: सत्तरच्या दशकातला प्रो स्टॉक किंवा ऐंशीचा प्रो स्ट्रीट. मागे थोडी रुंद चाकं, मागच्या कडेला छोटा स्पॉयलर, बगलेवर एकच जाड पट्टा. एवढ्यात ती बोलायला लागते.

ऑम्नीचं काय, असं कुणी ना कुणी विचारतंच. तिची ओढ मागे आहे आणि ड्रायव्हर पार पुढे बसतो. साठच्या दशकात अमेरिकेत 'लिटल रेड वॅगन' नावाची डॉज ए१०० पिकअप पुढची चाकं हवेत उचलून पट्टीवर धावायची. तिचा चेहरा आणि ऑम्नीचा चेहरा एकाच जातीचा. लाल रंग, पांढरी अक्षरं, साध्या स्टीलच्या रिम. खर्च कमी आणि गंमत भरपूर. फक्त तिला खरंच उचलायला जाऊ नका.

तिसरी पायरी: रस्ता मोजा

इथे शहरातल्या सल्ल्यापेक्षा आपला हिशोब वेगळा होतो. रस्त्यावरच्या गतिरोधकाचं इंडियन रोड काँग्रेसचं माप आहे: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे लांबट आणि सौम्य चढ. गावच्या शाळेसमोर रातोरात घातलेला गतिरोधक हे माप पाळत नाही. त्यात पांदण रस्ता, पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि त्यांच्यामधला उंचवटा.

मोजायची पद्धत सोपी. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा सगळ्यात वाईट उंचवटा निवडा. गाडी त्यावर आणून पुढची चाकं पलीकडे आणि मागची अलीकडे ठेवली तर टायर जिथे टेकतील, त्या दोन ठिकाणी खुंट्या ठोका. दोन्ही खुंट्यांना जमिनीलगत दोरी ताणून बांधायला जा. उंचवटा दोरीच्या रेषेपेक्षा जितका वर येतो ते तुमचं खरं माप. आता गाडीत चार माणसं बसवा आणि जमिनीपासून सगळ्यात खालच्या भागापर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक वेळा तो भाग सायलेन्सरचा जोड किंवा इंजिनचा चेंबर असतो. या अंतरातून उंचवट्याचं माप वजा करा आणि वर दोन इंच राखीव ठेवा, कारण गाडी उसळून खाली बसते. उरलेलं जे असेल तेवढीच गाडी खाली आणता येईल. उत्तर शून्य किंवा उणे आलं तर नव्या थाटाचा प्रश्न तिथेच मिटला. जुना थाट आपल्या पांदणीला मानवतो, त्याचं हे खरं कारण आहे. नाक वर असलेली गाडी गतिरोधकाला घाबरत नाही.

हमरस्त्याला लागून घर असेल आणि गाडी नागपूर, अमरावती, वर्धा अशा पक्क्या रस्त्यांवरच फिरणार असेल तर नवा थाट खुशाल करा. तरी पुढच्या बंपरखाली कडक फायबरचा ओठ लावू नका. रबराचा लावा, घासला तरी मुडतो.

चौथी पायरी: साल ठरवा

आतापर्यंत एकच दार उघडं राहिलं असेल, फार तर दोन. आता एक साल कागदावर लिहा आणि शेडच्या भिंतीला चिकटवा. १९६५ लिहिलं तर पाच पाकळ्यांची राखाडी मधली आणि चकचकीत कडा असलेली रिम चालेल, कारण टॉर्क थ्रस्ट नावाची ती घडण १९६३ मध्येच आली होती. एलईडीची निळी पट्टी, कार्बन फायबरचं बोनेट, काळ्या मॅट रंगाची रिम चालणार नाही. आजचं साल लिहिलं तर क्रोमचा गोल आरसा आणि पांढऱ्या पट्टीचा टायर बाद.

न दिसणाऱ्या भागांना हा नियम लावू नका. आत डिस्क ब्रेक, रेडियल टायर, चांगला अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन हे सगळं नवंच असू द्या. जुना थाट म्हणजे जुने ब्रेक नव्हेत.

माझ्या पाहण्यातल्या फसलेल्या गाड्या बहुतेक पैशाअभावी फसलेल्या नाहीत. कुणी शहरातून एक विंग आणली, कुणी भाच्याच्या हट्टानं निळे दिवे लावले, मिस्त्र्यानं स्वतःच्या मनानं बोनेटवर एक स्कूप, म्हणजे हवेचा डबा, चढवला आणि गाडीच्या अंगावर चार दशकं एकदम उभी राहिली.

उंची आणि चाकं: सगळी कसरत इथेच

थाट ऐंशी टक्के उभं राहण्यावर असतो, असं जुने मिस्त्री म्हणतात. आकडा सोडा, गोष्ट खरी आहे. म्हणून इथे घाई नको.

आधी टायरचं गणित. टायरवर लिहिलेल्या मापातून त्याचा व्यास काढता येतो. १६५/८० आर १५ घ्या: १६५ मिमीचे ८० टक्के म्हणजे १३२, वर आणि खाली मिळून २६४, त्यात १५ इंच रिमचे ३८१ मिळवा, एकूण ६४५ मिमी. मागे २१५/७५ आर १५ लावला तर तेच गणित ७०३ मिमीच्या थोडं वर जातं. फरक जवळपास ५८, त्याचा अर्धा म्हणजे २९ मिमी. इतकी गाडी मागून उचलली जाईल. याचा अर्थ असा की मागे मोठे टायर लावले की नाक आपोआप खाली जातं. नव्या थाटाला ते फुकटात मिळतं, गॅसरला उलट अडचण होते. तिथे एकतर मागचा टायर मध्यम ठेवावा लागतो, नाहीतर पुढची उंची तेवढी भरून काढावी लागते. स्पीडोमीटरही चुकतो: वरच्या उदाहरणात गाडी खरी साठनं पळत असताना काटा पंचावन्नच्या आसपास दाखवेल.

यावर मी चाकांचे दोन संच ठेवायला सांगतो. रस्त्यासाठी कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या मापांचे, पुरेशी नक्षी असलेले टायर. प्रदर्शनासाठी आणि फोटोसाठी रुंद मागचा संच, जो जागेवर जाऊन बसवायचा. स्लिक, म्हणजे बिननक्षीचा टायर रस्त्यावर कधीच नको, कायद्यानं नक्षी किमान १.६ मिमी खोल हवी. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा जुना, कडेला तडे गेलेला टायर मोठ्या रस्त्यावर फुटतोच. टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. भंगार बाजारातून आणलेल्या 'नव्यासारख्या' टायरवर ते आधी वाचा. स्टीलची रिम मधे पट्टी घालून रुंद करून देणारे लोक आहेत. ती फक्त प्रदर्शनाच्या संचात चालेल, आणि तीही लेथवर फिरवून, तिचा डुगडुगाट तपासून.

आता उंची. ॲम्बेसेडरच्या पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया, आहेत. त्यांची बसणी बदलून पुढची उंची थोडी वरखाली करता येते. पद्मिनीच्या पुढे कॉइल स्प्रिंग आहेत. मागे दोन्हींना पाटे. बदल दीड-दोन इंचांच्या आत ठेवा. डोळ्याला तेवढा फरक पुरतो. नाक वर केलं की खालील गोष्टी न चुकता तपासायच्या: चाक पूर्ण लोंबत असताना आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो का, बॉल जॉइंट कोनात अडकतात का, शॉक ॲब्झॉर्बर आधीच पूर्ण उघडलेला तर नाही ना. मग अलाइनमेंट, आणि ते कॉम्प्युटरवरच. हे झाल्याशिवाय वेग वाढवू नका.

हेडलाइट सगळे विसरतात. नाक वर गेलं की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुम्हाला जवळचं दिसत नाही. रात्री बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली कापूस किंवा ऊस भरून पुढे चाललेली असते. भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे खाली बसवून घ्या.

मागून गाडी खाली आणायची असेल तर पाटे काढून कमानवाल्याकडून कमान कमी करून घ्या. पाटा घरी तापवून ठोकायचा नाही, त्याचं पाणी उतरतं आणि तो मोडतो. कॉइल स्प्रिंगचे वेढे गॅसनं कापू नका, कारण तेच. आणि मागून उंच करण्यासाठी लांब शॅकल (पाट्याचं टोक जोडणारी कडी) लावायचा सोपा उपाय कुणी सुचवला तर नको म्हणा. वळणावर मागचा भाग डोलतो.

रंग आणि अक्षरं

जुन्या थाटात आपल्याकडे एक अशी गोष्ट आहे जी मोठ्या शहरातही सहज मिळत नाही: बोर्ड पेंटर. ट्रकच्या मागे, ट्रॉलीच्या फळीवर, दुकानाच्या पाटीवर ब्रशनं अक्षर काढणारा माणूस. गॅसरच्या दारावरची अक्षरं अशीच हातानं काढलेली असत, सावली दिलेली, थोडी तिरपी. फ्लेक्स आल्यापासून या लोकांचं काम आटलं आहे, पण तालुक्याला एखादा तरी सापडतो. त्याला इंग्रजी नमुन्याची नक्कल करायला लावू नका. देवनागरीतच काढू द्या, गावाचं किंवा बैलाचं नाव घालू द्या. दारावर 'सर्जा' असं लाल-पिवळ्या सावलीत लिहिलेली ॲम्बेसेडर कॅलिफोर्नियाच्या नकलेपेक्षा केव्हाही सरस.

नव्या थाटाचं काम रेडियमवाल्याकडे. साधा एकरंगी पट्टा, नंबर, बस. सगळी गाडी मॅट रंगात गुंडाळायचा विचार असेल तर आपली धूळ लक्षात घ्या. मॅटवर कपडा मारला की चट्टे चकाकतात आणि ते पुन्हा मॅट होत नाहीत.

जुन्या थाटात चमकीचा किंवा पारदर्शक 'कँडी' रंग शोभतो. त्यात चंदेरी किंवा सोनेरी थर खाली आणि त्यावर रंगीत काचेसारखे थर असतात. एक दार खरचटलं तर तेवढंच जुळवणं जवळजवळ अशक्य, आणि कँडीचा लाल उन्हात उतरतो. गाडी शेडमध्ये राहणार नसेल तर साधा घट्ट पीयू रंग आणि वर चांगला क्लिअर कोट घ्या. लांबी (पुट्टी) जाड थापून पत्र्याचा खड्डा बुजवणारा पेंटर असेल तर कामावरून हलू नका, समोर बसून राहा; डेंटिंग हातोडीनं व्हायला हवं.

गॅसरच्या निळ्या-नारिंगी काचा फार गोड दिसतात. रस्त्यावर त्या चालत नाहीत. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, आणि २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं चिकटवायची फिल्मही बंद केली. प्लास्टिकची काच तर नकोच.

बोनेट, टाकी आणि आतलं

पुढची गोल टाकी हा गॅसरचा दागिना. तिच्यात पेट्रोल अजिबात भरू नका. धडक बसली की पहिली तीच फुटेल. काच धुण्याच्या पाण्यासाठी वापरा किंवा रिकामी ठेवा. भंडाऱ्याला पितळेच्या कामाची जुनी परंपरा आहे. तिथून पितळेचा गोल डबा घडवून, निकल चढवून घेतला तर परदेशातून मागवायची गरज पडत नाही. ती ग्रिलवरून हवा अडवणार नाही एवढी लहान असू द्या. आपल्या उन्हाळ्यात रेडिएटरला प्रत्येक श्वास हवा असतो.

बोनेटवरचा स्कूप ड्रायव्हरच्या नजरेआड रस्ता करत असेल तर तो बाद. आत गेल्यावर, जुन्या थाटाला स्टीअरिंगच्या खांबावर एक गोल आरपीएम मीटर आणि काळ्या रेक्झिनच्या साध्या सीट पुरतात. नव्या थाटाला एकच डिजिटल पडदा. डोक्याजवळून जाणारा रोल केज, म्हणजे लोखंडी पाइपांचा पिंजरा, हेल्मेटशिवायच्या प्रवासात डोकं फोडतो, तो शोभेसाठी लावू नये. सीटबेल्ट मात्र दोन्ही थाटांत हवेच.

सायलेन्सर काढून फटफट करायचा मोह आवरा. कलम १९० खाली आवाज आणि धुराच्या नियमभंगाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

कामाचा क्रम आणि मोसम

पैसा या क्रमानं जाऊ द्या: ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे, टायर, गंज काढणं, थंड ठेवण्याची व्यवस्था, उंची, रंग, आणि शेवटी शोभा. उलट क्रमानं गेलेल्या गाड्या रंगवलेल्या अवस्थेत शेडमध्ये उभ्या राहतात.

रंगाचं काम दिवाळी ते होळी या काळात धरा. एप्रिल-मेच्या उन्हात थिनर उडून जातो, रंग पसरायच्या आत सुकतो आणि पृष्ठ दाणेदार होतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. हिवाळ्यातही तुरीची मळणी शेजारी चालू असेल त्या दिवशी स्प्रे गन उचलू नका, कोंडा सगळा बोनेटवर येतो. कापसाचे पैसेही याच काळात हातात येतात, तेव्हा मिस्त्र्याला टप्प्याटप्प्यानं द्या. सगळं आधी दिलं तर गाडीचा नंबर ट्रॅक्टरच्या मागे लागतो, आणि हंगामात ट्रॅक्टर आधी हे त्याचंही बरोबरच आहे.

पहिला फेरफटका रिकाम्या गाडीनं, दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर करा. ऐंशी-शंभर किलोमीटर झाले की पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा, कारण नवीन बसवलेले पाटे दबतात आणि बोल्ट ढिले होतात. टायर कुठे घासल्याची काळी रेघ मडगार्डच्या आत दिसते का ते टॉर्च लावून बघा. रेघ दिसली तर त्या टायरचं माप कमी करा, मडगार्ड कापू नका.